कॅप्टनचा उजवा पाय

१

"सही कुठे करायची तेवढं दाखवा, मॅडम. बाकी मी वाचत बसत नाही," कॅप्टन म्हणाले.

टेबलापलीकडच्या बाईने कागद पुढे केला नाही. विमान अपघातांची चौकशी करणाऱ्या खात्यात ब्लॅक बॉक्स उघडून वाचण्याचं काम तिच्याकडे होतं. तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे चाळणी. एकच आकडा दहा वेळा चाळून बघायची तिची खोड सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिलाही आपलं हे नाव ठाऊक होतं. आज मात्र तिच्याकडे चाळायला काही उरलं नव्हतं, आणि याचीच तिला चीड येत होती.

प्रकरण सरळ दिसत होतं. एक छोटं प्रवासी विमान वाऱ्यात उतरलं, धावपट्टीवर चाकं टेकली, आणि वेग कमी होत असताना ते डावीकडे भरकटत जाऊन नाल्यात आदळलं. उजव्या चाकाजवळ आग लागली. प्रवासी हातपाय मोडून का होईना, वाचले. शेपटीकडच्या खुर्चीवर बसलेली विमानसेविका मात्र गेली. वय सव्वीस, आईची एकुलती एक.

ब्लॅक बॉक्सने कारणही आयतं हातात दिलं होतं. या विमानात दोन्ही पायांखाली एकेक पेडल असतं आणि डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगवेगळे दाबता येतात. वारा डावीकडून होता, त्यामुळे विमानाचं नाक डावीकडे ओढलं जाणारच. ते सरळ ठेवायला उजवा ब्रेक दाबायला हवा होता. आलेखात डाव्या ब्रेकची रेघ एकदम वर उसळलेली होती आणि उजव्याची खाली जमिनीला चिकटलेली. डावा ब्रेक दाबला, विमान डावीकडे गेलं. सगळं इतकं चपखल बसत होतं की पुढे पाहायची कोणाला गरजच वाटली नाही.

"आधी तर तुम्ही शपथेवर सांगत होता, उजवाच दाबला म्हणून," चाळणी म्हणाली.

"सांगत होतो. मग तुमच्या साहेबांनी हा आलेख समोर धरला. भांडलो, ओरडलो. पण रोज झोपताना तीच रेघ दिसते हो." कॅप्टनांनी डोळे चोळले. "बॉक्सला काय पडलंय खोटं बोलायला? माणूस घाबरला की पाय चुकतो. माझाही चुकला असेल."

"कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत तुम्ही 'उजवा, उजवा' असं ओरडलेलं ऐकू येतं."

"साहेब म्हणाले, तोंडाने उजवा म्हणालात आणि पायाने डावा दाबलात. असं होतं म्हणे."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने इतका वेळ पर्सचा बंद पिळत ठेवला होता. ती एकदम म्हणाली, "अहो, आणि तुमची पोटरी?"

"राहू दे गं."

"का राहू दे? हॉस्पिटलातून आल्यावर दोन दिवस यांना जिना उतरता येत नव्हता, मॅडम. पोटरीत गोळा. मीच शेकून देत होते."

"कुठल्या पायाची पोटरी?" चाळणीने विचारलं.

"उजव्या."

चाळणीने कबुलीजबाबाचा कागद उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. "आज सही नको," ती म्हणाली.

२

"पोटरी?" संचालक खुर्चीतून अर्धे उठलेच. "मी मंत्रालयाला पोटरीवर अहवाल पाठवू?"

"मी तसं म्हणत नाही, सर. मला आणखी थोडे दिवस हवेत."

"कशाला? सेन्सरची वार्षिक तपासणी अपघाताच्या दोनच महिने आधी झालीय. दरवर्षी बॉक्स उतरवून वर्कशॉपमध्ये वाचतात. प्रत्येक सेन्सर खरं सांगतोय की नाही, ते बघतात. या विमानाचा शेरा आहे, सर्व ठीक. सर्व! एक तरी दोष दाखवा मला."

"एक दाखवते. मागच्या प्रकरणात बॉक्सप्रमाणे विमान सामानाचा दरवाजा उघडा ठेवून तीन वर्षं उडत होतं. त्याचाही शेरा सर्व ठीक होता."

संचालकांना हसू आलं नाही. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, कॅप्टनचा पाय चुकला नसेल तर ब्रेक चुकला. ब्रेक चुकला म्हटलं की त्या जातीची सगळी विमानं खाली बसवावी लागतात. उजव्या चाकाचा तर कोळसा झालाय. काय पुरावा देणार तुम्ही? आठवडाअखेर मला अहवाल पाहिजे."

"आणि खरंच ब्रेक चुकला असेल तर? बाकीची विमानं आजही उडतायत, सर."

"आठवडाअखेर," संचालक म्हणाले.

ती प्रयोगशाळेत परतली आणि दार जरा जोरातच लावलं. या कामात तिला सगळ्यात जास्त ताप व्हायचा तो अपघाताचा नव्हे, नोंदींचा. कुठे सेन्सर एकाच आकड्यावर अडकून बसलेला, कुठे मधली मिनिटं गायब, कुठे कुठला आकडा कशाचा हे सांगणारा तक्ताच जुन्या विमानाचा. बॉक्स आगीतून वाचतो, पाण्यातून वाचतो, आणि उघडावा तर आत अर्धा कचरा. अपघात झाल्यावर तो सगळ्यांना आठवतो. त्याआधी कोणी ढुंकून पाहत नाही.

बॉक्समध्ये अपघाताच्या आधीच्या उड्डाणांच्याही नोंदी होत्या. त्या पाहायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं, कारण त्या उड्डाणांत काही घडलं नव्हतं. तिने त्याच उघडल्या. विमान उभं राहण्याच्या जागेपासून धावपट्टीकडे जाताना अनेक वळणं घेतं, आणि या छोट्या विमानात आखूड वळण घेताना पायलट त्या बाजूचा ब्रेक हलकेच दाबतो. डावीकडे वळायचं तर डावा. सायकल शिकणाऱ्या पोरालाही न सांगता कळावी अशी ही गोष्ट.

होकायंत्राची नोंद सांगत होती की विमान डावीकडे वळलं. तिने ब्रेकची रेघ पाहिली. उजवा दाबलेला होता.

पुढचं वळण उजवीकडचं. दाबलेला होता डावा.

तिने चहा बाजूला ठेवला आणि एकेक उड्डाण उघडत गेली. वेगवेगळे पायलट, वेगवेगळी विमानतळं. सगळीकडे तोच उफराटा प्रकार. आता इतके पायलट रोज चुकीचा पाय दाबून विमान बरोबर वळवत असतील, हे काही शक्य नव्हतं. नावंच उलटी लागली होती. बॉक्स ज्याला डावा म्हणत होता तो उजवा होता. बॉक्स फक्त पेडल किती दाबलं ते टिपतो, चाक आवळलं की नाही ते नाही. म्हणजे कॅप्टनांनी उजवाच ब्रेक दाबला होता, सगळा जोर लावून, आणि ब्रेकने दाद दिली नव्हती!

तिने घाईघाईने दोन महिन्यांपूर्वीच्या वार्षिक तपासणीची फाइल उघडली. तिथे विमान डावीकडे वळत होतं तेव्हा डावा ब्रेक दाबलेला होता. उजवीकडे वळताना उजवा. सगळं जिथल्या तिथे.

म्हणजे दोन महिन्यांपूर्वी तारा बरोबर होत्या. त्यानंतर कोणीतरी त्या उलट्या जोडल्या होत्या.

३

"कोणीतरी म्हणजे मी. असंच ना?" हँगरचा फोरमन म्हणाला. धिप्पाड माणूस, हातात पान्हा, आणि राग आला की मानेपर्यंत लाल होणारा.

"मी तुम्हाला विचारतेय," चाळणी म्हणाली. "ब्रेकच्या सेन्सरला तपासणीनंतर हात लागला होता का?"

"नाही."

"चुकून? दुसरं काही काम करताना?"

"बाई, ती पोरगी माझ्या ओळखीची होती. रोज येता-जाता 'काका, आज विमान धुतलं का नाही' असं चिडवायची. तिच्या जिवाशी मी खेळीन?" त्याने पान्हा फळीवर आपटला. "या माझ्याबरोबर."

हँगरच्या मागच्या बाजूला अपघाताचं विमान ताडपत्रीखाली पडलं होतं. त्याच्या पलीकडे, मोठ्या दारातून, त्याचंच जुळं भावंड उन्हात उभं दिसत होतं. कारखान्यातून दोन्ही एकदमच बाहेर पडलेली. त्या विमानात बॅगा चढत होत्या आणि शिडीजवळ प्रवाशांची रांग लागली होती. चाळणीने तिकडून नजर काढून घेतली.

फोरमन गुडघ्यावर बसला आणि कॉकपिटच्या खालचं एक झाकण बॅटरीच्या उजेडात दाखवलं. "दोन्ही ब्रेकच्या सेन्सरचे प्लग याच्या आत आहेत. दुसरीकडून हात जात नाही. आता हे स्क्रू बघा."

स्क्रूंच्या खाचा रंगाने भरलेल्या होत्या. झाकणाच्या कडेवरूनही तोच रंग सलग गेला होता, कुठे चीर नाही, खरवड नाही.

"हा रंग कधीचा?"

"मागच्या मोठ्या दुरुस्तीचा. चार-साडेचार वर्षं झाली. दुरुस्ती बाहेरच्या कंपनीकडे झाली होती, विमान रंगवून आलं तेच असं. स्क्रू फिरवला तर रंग तुटणार की नाही?"

"तुटणार."

"मग? मी काय भिंतीतून हात घातला?"

तिने स्क्रूवरून बोट फिरवलं. फोरमन खरं बोलत होता, आणि त्याने तिची पंचाईत आणखी वाढली होती. मोठ्या दुरुस्तीनंतर झाकण उघडलंच नव्हतं, तर तारा तेव्हापासूनच उलट्या होत्या. मग दोन महिन्यांपूर्वीच्या तपासणीत त्या सुलट्या कशा दिसल्या?

"माफ करा," ती म्हणाली.

"माफीचं जाऊ द्या," फोरमन उठत म्हणाला. बाहेरच्या विमानाचा पंखा सुरू झाला होता, त्यामुळे त्याला ओरडावं लागलं. "ब्रेकचं काही असेल तर लवकर सांगा! त्या विमानाचे ब्रेकचे वॉल्व्ह याच लॉटमधले आहेत!"

४

विमान कंपनीत नोंदींचा विभाग म्हणजे एक लांबट खोली आणि तिच्यात एकटा बसणारा अधिकारी. त्याच्या शर्टाला कधी चुणी पडत नसे, म्हणून त्याला सगळे इस्त्री म्हणत.

"वार्षिक तपासणीच्या फाइली तुमच्या हातून जातात ना?" चाळणीने विचारलं.

"हो. वर्कशॉपकडून येतात, मी सरकारकडे पाठवतो."

"उघडून बघता?"

इस्त्रीने बाह्या नीट केल्या. "शेरा बघतो."

"आणि शेरा नेहमी ठीकच असतो."

"मॅडम, मी एकटा आहे. एवढी विमानं, रोजची एवढी उड्डाणं. तिकडे सरकारी खात्यातही कोणी उघडत नाही. मी एकदा चुकून रिकामी फाइल पाठवली होती, तरी पोच आली, 'समाधानकारक' म्हणून." तो ओशाळला. "हे तुम्हाला सांगायला नको होतं."

ती त्याच्याकडे रोखून पाहत होती. फाइल त्याच्या हातून जात होती, म्हणजे बदलायची संधी त्यालाच होती. "तुमच्याकडे या विमानांच्या स्वतःच्या नोंदीही असतात?"

"मेमरी कार्डावर असतात. बॉक्सला जे जातं त्याचीच नक्कल, पण पातळ. बॉक्स ब्रेकची नोंद सेकंदाला चार वेळा करतो, आमचं कार्ड एकदाच. मधले चढउतार निघून जातात, सगळं गुळगुळीत." तो कसनुसा हसला. "इस्त्री केल्यासारखं."

त्याचा चेहरा घाबरलेला होता, पण चोराचा वाटत नव्हता. अर्थात चेहऱ्यावरून अहवाल लिहिता येत नाही.

संध्याकाळी ती घरी आली ती धुमसतच. नवरा दातांचा डॉक्टर होता. तोही वैतागून बसला होता, आणि बायकोचा चेहरा न पाहताच त्याने सुरुवात केली.

"आज मी चांगली दाढ उपटणार होतो. अक्षरशः पक्कड लावली होती. एक्स-रेमध्ये मूळ सडलेलं, आणि पेशंट म्हणतोय दुखतंय दुसरीकडेच. मी त्यालाच दम दिला, एक्स-रे खोटा असतो का म्हणून."

"मग?"

"मग सहज बघितलं तर एक्स-रेमध्ये वर एक सोन्याची कॅप. या माणसाच्या तोंडात सोनं कुठलं! नर्सने भलत्याच पेशंटची फिल्म लावलेली. एक्स-रे खराच होता गं, माणूस वेगळा होता. जेवायला वाढू का?"

चाळणी उभीच राहिली. पाण्याचा पेला हातात तसाच.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मी पण भलत्याच तोंडात बघत होते."

५

प्रत्येक विमानाला स्वतःची एक चाल असते. कारखाना एक, वर्ष एक, तरी एकाचं होकायंत्र केसभर तिरकं बोलतं, दुसऱ्याचा एखादा सेन्सर थंडीत अडखळतो. रोज नोंदी वाचणाऱ्याला ते हस्ताक्षरासारखं ओळखू येतं. हे चाळणीला ज्यांनी शिकवलं ते खात्यातून निवृत्त झाले होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत.

सकाळी तिने वार्षिक तपासणीची फाइल पुन्हा उघडली. या वेळी तिने ब्रेककडे पाहिलंच नाही. विमान वर चढू लागलं की बाहेरच्या तापमानाची रेघ एका ठरावीक उंचीवर उचकी लागल्यासारखी उडत होती. अपघाताच्या विमानाच्या एकाही उड्डाणात ही उचकी नव्हती. तिने इस्त्रीकडून जुळ्या विमानाच्या कार्डावरच्या नोंदी मागवल्या. त्यात ती दर चढणीला होती.

फाइल खरी होती. विमान दुसरं होतं. जुळ्याची नोंद काढून तिच्यावर अपघाताच्या विमानाचं नाव चिकटवलं होतं.

कोणी? संशयित दोनच उरले होते, वर्कशॉप आणि इस्त्री. फोरमनला त्याच्या रंगाने सोडवलं होतं. इस्त्रीकडे जुळ्याच्या नोंदी होत्या आणि फाइल त्याच्याच हातून गेली होती. तिने फाइलमधली ब्रेकची रेघ मोठी करून पाहिली. सेकंदाला चार ठिपके, प्रत्येक वेगळा, बारीक कंप धरून. इस्त्रीच्या कार्डावर एकच ठिपका असतो. एकाचे खरेखुरे चार कोणालाच करता येत नाहीत. ही नोंद थेट जुळ्याच्या बॉक्समधून निघालेली होती, आणि बॉक्स उघडण्याचं यंत्र वर्कशॉपशिवाय कोणाकडे नव्हतं.

वर्कशॉपमध्ये एकच माणूस नोंदी वाचत असे. तिला पत्ता शोधावा लागला नाही. निवृत्तीनंतर मास्तरांनी ते वर्कशॉप सुरू केलं तेव्हा उद्घाटनाला ती स्वतः गेली होती.

मास्तरांनी दार उघडलं आणि तिचा चेहरा पाहूनच बाजूला झाले. "ये चाळणी. कॉफी टाकतो."

"नको, मास्तर."

खोली होती तशीच लखलखीत होती. हत्यारं मापाप्रमाणे टांगलेली, नारिंगी बॉक्स फळीवर ओळीने. ब्लॅक बॉक्स काळा का नसतो, हे पहिल्या दिवशी याच माणसाने तिला हसत हसत सांगितलं होतं.

तिने सगळं सांगितलं. वळणं, रंगलेले स्क्रू, तापमानाची उचकी, चार ठिपके. परीक्षा घेत असल्यासारखे मास्तर डोळे मिटून ऐकत होते. ती थांबल्यावर म्हणाले, "बरोबर. कुठेही तुटलं नाही."

"मला शाबासकी नकोय! का केलंत ते सांगा."

मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "सुरुवातीची वर्षं मी प्रत्येक खोट लिहून पाठवत होतो. हा सेन्सर मेलाय, ती नोंद तुटतेय, तक्ता जुना आहे. कंपनीचा फोन यायचा, मास्तर, विमान अडकतं हो, शेरा जरा सौम्य करा. सरकारकडून काहीच यायचं नाही. पुढच्या वर्षी तोच बॉक्स तीच खोट घेऊन परत. भिंतीशी बोलल्यासारखं."

"म्हणून?"

"या विमानाचा बॉक्स आला तेव्हा निम्म्या नोंदी निघेनात. पुन्हा जोडायचा, पुन्हा उडवायचा, पुन्हा काढायचा. त्यांना विमान दुसऱ्या दिवशी हवं होतं. जुळ्याचा बॉक्स त्याच आठवड्यात वाचलेला. लावली ती नोंद."

"हे या वर्षीचं. तारा चार वर्षं उलट्या आहेत, मास्तर. आधीच्या तपासण्यांत तुम्हाला दिसलं नाही?"

मास्तरांनी नजर फळीवरच्या बॉक्सांकडे वळवली.

"म्हणजे दर वर्षी," ती म्हणाली.

"पहिल्यांदा केलं तेव्हा वाटलं, आता कोणीतरी पकडणार. रोज वाट बघत होतो. कोणी फाइल उघडलीच नाही." त्यांनी हात टेबलावरून काढून घेतले. "खरं सांगू? पकडलं असतं तर मला आनंद झाला असता. निदान कोणीतरी वाचतंय, एवढं तरी कळलं असतं."

"मी वाचलं ना," चाळणी म्हणाली. "पण मला वाचायला लावायला एक मुलगी मरावी लागली."

ती बाहेर पडली आणि जिन्यातच थांबून तिने फोरमनला फोन लावला. "जुळं विमान कुठे आहे?"

"आत्ताच उतरतंय. का?"

"पुन्हा उडू देऊ नका. उजवा वॉल्व्ह काढा आणि उघडा. हुकूम येईल मागून."

"हुकमाची कोण वाट बघतंय!" फोरमन म्हणाला आणि फोन ठेवला.

६

जुळ्याच्या उजव्या वॉल्व्हमधलं, म्हणजे पेडलचा दाब चाकाच्या ब्रेकपर्यंत सोडणाऱ्या झडपेतलं, रबरी सील फुगून कडक झालं होतं. आणखी थोड्या फेऱ्या झाल्या असत्या तर तेही अडकलं असतं. दुपारपर्यंत त्या जातीची सगळी विमानं खाली बसली.

त्याहून वाईट गोष्ट इस्त्रीने स्वतः येऊन सांगितली. चाळणीने त्याला अपघाताच्या विमानाची जुनी कार्डं नावं उलटून, नीट वाचायला सांगितलं होतं. सारखंच वळण घ्यायला उजवा ब्रेक महिन्यागणिक जास्त जोराने दाबावा लागत होता. वॉल्व्ह हळूहळू अडकत चालल्याचं त्या रेघेत स्पष्ट दिसत होतं. पण पायलट रोज वेगळे, त्यामुळे कोणा एकाच्या ते लक्षात आलं नाही. नोंदी मात्र सगळ्या एकाच खोलीत होत्या.

"माझ्याकडे होतं हे, मॅडम," इस्त्री म्हणाला. त्याचा शर्ट आज चुरगळलेला होता. "माझ्या कपाटात होतं."

संचालकांनी अहवाल दोनदा वाचला. कॅप्टनांना निर्दोष ठरवायला त्यांची हरकत नव्हती. वॉल्व्हलाही नव्हती. शेवटच्या पानाशी मात्र ते अडले. "इथे मास्तरांचं नाव कशाला? 'तपासणी प्रक्रियेत त्रुटी आढळल्या' एवढं पुरे. या खात्याला मोठं केलंय त्या माणसाने. तुम्हालाही."

"त्रुटी आपोआप आढळत नाहीत, सर. त्या कोणीतरी करतं आणि बाकीचे करू देतात. आपल्या सरकारी पोचाही मी जोडल्यात, समाधानकारक म्हणून."

"मी बघतो," संचालक म्हणाले आणि अहवाल स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

चाळणी रागाने कार्यालयातून निघाली ती थेट कॅप्टनांच्या घरी गेली. कॅप्टन बाल्कनीत दोरीवर कपडे वाळत घालत होते. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. बायको रडायला लागली. कॅप्टन हातातला ओला टॉवेल तसाच धरून राहिले.

"म्हणजे मी उजवाच दाबला," ते म्हणाले.

"उजवाच. पेडल टोकापर्यंत गेलं होतं. दुसऱ्या कोणी यापेक्षा जास्त काही करू शकलं नसतं."

तिला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. त्यांचा चेहरा उलट आवळत गेला. "इतके दिवस मी स्वतःच्या पायाला शिव्या घालतोय, मॅडम. रात्री उठून हा पाय कापून टाकावा असं वाटायचं. आणि तुमच्या त्या डब्यावर नावंच उलटी होती?" टॉवेल त्यांच्या हातून पडला. मग एकदम त्यांनी विचारलं, "तिच्या आईला सांगितलं?"

"अजून नाही. अहवाल साहेबांच्या कुलपात आहे."

"मी एकदाही गेलो नाही तिच्याकडे. कुठल्या तोंडाने जाणार होतो?" ते चपला शोधू लागले. "चला माझ्याबरोबर. मला ते वॉल्व्हबिल्व्ह नीट सांगता येणार नाही."

विमानसेविकेची आई तिसऱ्या मजल्यावर राहत होती. दार उघडलं, पण साखळी लावलेलीच ठेवली. फटीतून तिने कॅप्टनांना ओळखलं.

"ताई," कॅप्टनांनी सुरुवात केली, आणि चाळणीला पुढे केलं.

मग चाळणीने सांगितलं, साध्या शब्दांत. ब्रेक अडकला होता. यांनी बरोबर पाय दाबला होता. यंत्राने उलटं लिहिलं, आणि ते उलटं आहे हे कोणी पाहिलं नाही. आई शांतपणे ऐकत होती. मधे एकदाच तिने विचारलं, "आधी कळलं असतं?" आणि चाळणी म्हणाली, "हो. आधी कळलं असतं."

"मग चूक कोणाची?"

"खूप जणांची, ताई. वॉल्व्ह बनवणारे, तारा जोडणारे, तपासणारे, शेरा मारणारे, आमचं सरकारी—"

"खूप जणांचं मी काय करू?" साखळीमागचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रोज एकेक साहेब येतो आणि नव्याच कोणाची चूक सांगून जातो. आधी म्हणाले या कॅप्टनची. आता म्हणता यांची नाही. अहो, मला एकावर तरी रागावू द्या! एक तरी नाव सांगा!"

कॅप्टनांनी चाळणीकडे पाहिलं. अहवाल कुलपात होता. त्यातून ते नाव पुसलं जाणार होतं, हे तिला नीट ठाऊक होतं.

तिने मास्तरांचं नाव सांगितलं. आडनावासकट.

आईने ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"हो. हे काम मला त्यांनीच शिकवलं."

आईने साखळीवर हात ठेवला. मग दार लोटून घेतलं. आतून साखळी काढल्याचा आवाज आला आणि दार पुन्हा उघडलं, या वेळी पूर्ण.

"आत या," ती म्हणाली. "दोघंही."